मालिनीच्या बैठका

मालिनी खाली बसली तेव्हा सगळं ठीक होतं. खाली बसायला काय लागतं, जमीन आपली आपण ओढून घेते. भानगड झाली ती उठताना.

लेकीची चोरओटी होती. अनुयाला तिसरा महिना लागलेला, म्हणून फार गाजावाजा न करता बदलापूरला कात्रपमधल्या मालिनीच्या फ्लॅटच्या हॉलमध्येच पाट मांडला होता. अनुयाच्या सासूबाई नाशिकहून आल्या होत्या आणि तळमजल्यावरच्या सुंदराबाई वर आल्या होत्या. अनुया पाटावर, समोर मालिनी मांडी घालून. कुंकू लावलं, ओटीत नारळ-तांदूळ घातले, लेकीच्या तोंडात साखर घातली. मग उरलेल्या तांदळांचं ताट दोन्ही हातांत घेऊन उठायला गेली तर गुडघ्यांनी साफ नकार दिला. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा ताट कलंडलं, तांदूळ फरशीभर झाले आणि मालिनी एका कुशीवर घसरली. मग नवऱ्याने, गुरुदत्तनी, एका काखेत हात घातला, सत्तरीच्या सुंदराबाईंनी दुसऱ्या काखेत घातला, आणि कपाट सरकवावं तसं दोघांनी तिला उभं केलं. मालिनीचं वय सत्तावन्न होतं, हे लक्षात घ्या.

विहीणबाई हसल्या. बाई मनाने वाईट नाही, पण तोंडाला झाकण नाही. "अहो, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायला बसाल, मग बाळासकट तुम्हाला कोण उचलणार?"

सगळे हसले. मालिनीही हसली, कारण अशा वेळी न हसणारी बाई आणखीच वाईट दिसते.

"बाळंतपण आपलं आमच्याकडेच करू," विहीणबाई पुढे म्हणाल्या. "तुम्ही कशाला त्रास घेता? मजेत पाहुण्यासारखं यायचं, बाळ बघायचं."

संध्याकाळी निघताना अनुया आईच्या गळ्यात पडली आणि हळूच म्हणाली, "आई, खरंच नको गं. मी नाशिकलाच राहीन. तुझे हाल नाही बघवत." हे ती प्रेमाने म्हणाली, आणि तेच मालिनीला लागलं. भांडून म्हणाली असती तर भांडून उत्तर देता आलं असतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही काही सरकारी कायद्याची गोष्ट नाही, कबूल. मालिशला, न्हाऊ घालायला बाई मिळते. त्यांच्याच गल्लीत कौसाबाई होती, तिच्या हाताखालून अर्धं कात्रप गेलेलं. पण मालिनीच्या डोळ्यांपुढे तिची स्वतःची आई होती. अंबरनाथ पश्चिमेच्या दोन खोल्यांतल्या मोरीत, बुटक्या पाटावर, पाय लांब करून बसलेली, आणि नडग्यांवर एवढीशी अनुया. तेल, डाळीचं पीठ, गरम पाण्याची धार. आणि मग टॉवेलात गुंडाळलेलं पोर छातीशी धरून आई जी उठायची ती कशालाही न धरता. तेव्हा मालिनीला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. आता ती त्या एका उठण्याचाच विचार करत होती, कारण दोन्ही हात बाळाला लागतात. भिंतीला, खुर्चीला, नवऱ्याला धरायला तिसरा हात देवाने दिलेला नाही.

नातवंडाला मी पायावर घेणार, आणि त्याला घेऊन मीच उठणार, असं तिने त्या रात्री ठरवलं. पाहुणी म्हणून जाणार नाही म्हणजे नाही. डोहाळजेवण सातव्या महिन्यात होतं. तेवढा वेळ हातात होता.

"जिम लावते," तिने सकाळी चहाबरोबर सांगितलं.

गुरुदत्तनी पेपर खाली घेतला. आनंदनगरच्या एका रंगांच्या कारखान्यात उभी हयात ऑफिसर म्हणून काढून ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते, पण निवृत्ती फक्त कारखान्यापुरती झाली होती. "जिम? त्या वरातीतल्या गाण्यांत? दंडावर वाघ गोंदवलेल्या पोरांच्यात तू काय करणार? घरात काय कमी आहे? हॉल आहे, पंखा आहे, मोबाइलवर हवे तेवढे व्हिडिओ आहेत. आणि मी आहे."

हे शेवटचं जे होतं, तीच अडचण होती. पण तेव्हा मालिनीला ते कळलं नाही. तिला वाटलं, खरंच आहे की, घर ते घर. तिने दुसऱ्या दिवसापासून हॉलमध्ये सतरंजी अंथरली.

आता घरी व्यायाम करणाऱ्या बायकांनाच विचारा काय होतं ते. सतरंजीवर आडवी झाली की बेल वाजते. कचरेवाला. उठून, म्हणजे सोफ्याला धरून उठून, कचरा दिला आणि परत आडवी झाली की कुकरची शिट्टी. ती झाली की "मालिनी, माझा चष्मा बघितलास?" चष्मा त्यांच्याच डोक्यावर. मग नाशिकहून फोन, मग इस्त्रीवाला. घरात बाई जमिनीवर आडवी दिसली की लोकांना दोनच गोष्टी सुचतात: एक तर ती आजारी आहे, नाहीतर रिकामी आहे. ती काही काम करतेय हे कुणाच्या बापाच्या लक्षात येत नाही.

आणि मोकळा वेळ मिळालाच तर गुरुदत्त खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकायचे. "गुडघा पुढे जातोय. पाठ सरळ. श्वास कुठे गेला?" मोबाइलवर एक बाई एक सांगायची, दुसरी दुसरंच, आणि गुरुदत्त तिसरं. एक ना धड भाराभर चिंध्या. पण त्यांच्या मनात खोट नव्हती हो. बायको खाली बसून उठायला लागली, चेहरा जरा वाकडा झाला, की लगेच खुर्चीतून पुढे येऊन हात द्यायचे. "हं, धर." आणि ती धरायची. समोर आलेला हात कोण सोडतं? महिना असा गेला, आणि महिन्याअखेर मालिनी होती तिथेच होती. सोफा मात्र एका बाजूने खचला.

मग एका दुपारी ती भाजीला म्हणून बाहेर पडली आणि कात्रपच्या नाक्यावर झेरॉक्सच्या दुकानावरच्या जिमचा जिना चढली. कठड्याला धरून चढली, पण चढली.

जिमचा मालक हरेश उल्हासनगरचा सिंधी. तिथे त्याच्या वडिलांचं कपड्यांचं दुकान होतं. हा एकटा लोखंडाच्या नादाला लागलेला. तोंडात मराठी, हिंदी, सिंधी सगळं एकाच ताटात. "बोला आंटी. इकडे सगळे येतात वजन उतरवायला, नायतर बॉडी बनवायला. तुमको क्या मंगता?"

"मला खाली बसून उठायचंय," मालिनी म्हणाली. "हात न लावता."

"बस? इतनाच?"

"इतनाच नाहीये सर ते," मागून एक मुलगी म्हणाली. हिमानी तिचं नाव. फिजिओथेरपी शिकलेली, अंबरनाथहून यायची, दुपारची बायकांची बॅच तिच्याकडे. तिने मालिनीला एका बाकावर बसवलं, पाय वर-खाली करायला लावले, गुडघ्यावर तळहात ठेवून आतला आवाज ऐकला. "काकू, आधी डॉक्टरांना दाखवा. ते हो म्हणाले तर या. कशासाठी उठायचंय पण?"

मालिनीने सांगितलं. चोरओटी, तांदूळ, विहीणबाई, पाट, सगळं. अनोळखी पोरीला इतकं सांगायचं नव्हतं, पण बाहेर पडलं. हिमानी हसली नाही. ती म्हणाली, "मग आपण तेवढंच करू. दुसरं काही नाही. बैठका."

डॉक्टरांनी फोटो काढून बघितलं आणि सांगितलं की हाडं बरी आहेत, मांड्या झोपल्यात, त्यांना उठवा. झालं, मार्ग मोकळा. प्रश्न आता घरचा होता.

सोमवारी दुपारी मालिनी पंजाबी ड्रेस घालून, पिशवीत नॅपकिन आणि पाण्याची बाटली टाकून दाराशी आली. डोक्यात हिमानीचं चालू होतं, बैठका, बैठका. टीव्हीसमोरून गुरुदत्तनी मान न वळवता विचारलं, "कुठे निघालीस?"

"बैठकीला," ती म्हणाली.

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात 'बैठकीला जाते' म्हटलं की त्याचा अर्थ एकच. अध्यात्माची, निरूपणाची बैठक. घराघरातून माणसं जातात, शांतपणे ऐकतात, शांतपणे परत येतात. कुणाची दारू सुटली, कुणाचं भांडण मिटलं, असं लोक सांगतात. बैठकीला निघालेल्या बाईला इथे कुणी अडवत नाही, आणि दुसरा प्रश्नही विचारत नाही.

गुरुदत्तनी टीव्हीचा आवाज बारीक केला. "अरे वा," ते म्हणाले. "बरं केलंस. सुंदराबाई कधीच्या सांगत होत्या तुला. जा, जा. चहा मी करून घेईन."

मालिनी उंबऱ्यातच थांबली. सांगावं का? सांगितलं तर चाळीस सेकंदांत परत सतरंजी, परत कुकर, परत 'हं, धर.' तिने चपला घातल्या आणि निघाली. खोटं बोलले नाही, असं तिने जिन्यात स्वतःला दोनदा सांगितलं. दोनदा सांगावं लागलं म्हणजे काय ते तिलाही कळत होतं.

हिमानीची पद्धत साधी होती. भिंतीशी रबरी ठोकळ्यांची थप्पी रचायची, कमरेला येईल एवढी. हात छातीवर घडी करून तिच्यावर बसायचं आणि उठायचं. चांगलं जमायला लागलं की एक ठोकळा काढायचा. परत जमलं की अजून एक. अशी जमीन हळूहळू जवळ आणायची.

"हात कामात आहेत असं समजा," हिमानी सांगायची. "हातात बाळ आहे. आता उठा."

पहिल्या आठवड्यात मालिनी जिमच्या जिन्याच्या पायऱ्या आडवी उतरायची. मांड्या अशा भरून यायच्या की संडासात बसणं म्हणजे संकट. देवघरासमोर ती उभ्यानेच हात जोडायची. गुरुदत्तना वाटलं, बैठकीत फार वेळ मांडी घालावी लागत असेल. "सुरुवातीला होतं," ते समजुतीने म्हणायचे आणि मलम आणून द्यायचे. ते मलम लावताना मालिनीला लाज वाटायची, खरंच वाटायची, पण सोमवारी ती परत निघायची.

"आठवड्यातून तीनदा असते का गं बैठक?" एकदा त्यांनी विचारलं.

"नव्यांना जास्त असते," मालिनी म्हणाली. हे मात्र धडधडीत खोटं होतं.

ठोकळे एकेक करून कमी झाले. गाण्यांची तिला सवय झाली. त्या वाघ गोंदवलेल्या पोरांपैकी एक दुपारी लवकर यायचा, तो तिला बघून आवाज कमी करायचा. आरशात पहिल्यांदा तिला स्वतःकडे बघवत नव्हतं. नंतर ती बघायला लागली, कारण गुडघा कुठे जातोय ते आरसा सांगायचा, आणि आरसा गुरुदत्तांपेक्षा कमी बोलायचा.

शेवटचा ठोकळा निघाला त्या दिवशी ती जमिनीवर बसली. हिमानीने तिच्या हातात पाच किलो तांदळाची पिशवी दिली. "हे बाळ," ती म्हणाली.

कृती मालिनीला पाठ होती. मांडी मोडायची, गुडघ्यांवर यायचं, एक पाय पुढे टाकायचा, टाच दाबायची, उठायचं. तिने पाय पुढे टाकला, टाच दाबली, अर्धी वर आली, आणि तोल गेला. पिशवी छातीशी धरलेली असल्यामुळे हात टेकता आला नाही. ती धपकन मागे बसली, भर जिममध्ये. ट्रेडमिलवरच्या दोघी थांबल्या. तो वाघवाला पोरगा पुढे येऊ लागला.

हिमानीने त्याला हातानेच थांबवलं. मग स्वतःचे हात मागे बांधून उभी राहिली. "लागलं का काकू?"

"नाही."

"मग उठा. मी हात देणार नाही."

मालिनीला भयंकर राग आला. पोरीचा, विहिणीचा, स्वतःच्या मांड्यांचा. डोळ्यांत पाणी आलं. तिने समोर बघितलं, कुणीतरी येईल म्हणून. कुणी आलं नाही. मग ती परत गुडघ्यांवर आली. पाय पुढे टाकला. टाच अशी दाबली की जमिनीनेच नमतं घ्यावं. आणि उठली. पिशवी हातातच होती.

हरेश काउंटरवरून बघत होता. "आंटी," तो म्हणाला, "इतनाच नव्हता. माझी चूक."

त्या दिवशी घरी जाताना मालिनीने जिन्याच्या कठड्याला हात लावला नाही. पण घरी गुरुदत्त दारातच उभे होते.

झालं असं होतं की खाली सुंदराबाई भेटल्या, आणि गुरुदत्त कौतुकाने म्हणाले, आमची मालिनीही बैठकीला यायला लागली बरं का, सोमवार, बुधवार, शुक्रवार. सुंदराबाई म्हणाल्या, अहो, आपली तर आठवड्यातनं एकदाच असते, आणि मला तर ती तिथे कधी दिसली नाही. एवढंच. पण माणसाला वर येईपर्यंत तीन मजले विचार करायला मिळतात.

"कुठे जातेस तू?" गुरुदत्तनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"जिमला."

"आणि मला सांगितलंस बैठकीला."

"बैठकाच काढते तिथे. तुम्ही एकवचन ऐकलंत, माझ्या मनात अनेकवचन होतं."

ते हसले नाहीत. मालिनीलाही कळलं की ही वेळ शब्दांच्या गमतीची नाही. ती खुर्चीत बसली. "खोटं बोलले. चुकलंच माझं. त्याची माफी मागते. जिमची मागणार नाही."

"मी मलम आणून देत होतो तुला," गुरुदत्त म्हणाले. "सगळ्या बिल्डिंगला सांगत होतो. हसं झालं माझं. आता बास झालं. जे करायचं ते घरी कर. दार बंद ठेवू. बेल मी बघेन. कुकर मी लावेन. आणखी काय पाहिजे?"

तो माणूस कुकर लावायला तयार झाला होता, ही काही लहान गोष्ट नव्हती. मालिनी क्षणभर डळमळली. घरी करायचं तर घरचं सुख मिळणार होतं, भांडण मिटणार होतं, आणि डोहाळजेवण आलंच होतं. पण तिला हिमानीचे मागे बांधलेले हात आठवले, आणि एकदम लख्ख कळलं की महिनाभर सतरंजीवर नेमकं काय बिनसलं होतं. बेल नव्हे, कुकर नव्हे.

"अहो," ती म्हणाली, "घरी मी खाली बसले की तुम्ही हात देता."

"मग? पडू देऊ?"

"तेच. तुम्ही हात देता आणि मी घेते. तुमचा हात आहे हे पायांना ठाऊक झालंय, म्हणून ते काम करत नाहीत. तिथे मला कुणी हात देत नाही. आज पडले तर कुणी आलं नाही. आणि मी उठले. तांदूळ घेऊन उठले."

"आज पडलीस?" ते चटकन पुढे झाले. हात पुढे आलाच होता, सवयीने. त्यांनी त्या हाताकडे बघितलं आणि मग तो खाली घेतला.

"तुम्ही चांगले आहात म्हणून मला घर सोडून जावं लागतंय," मालिनी म्हणाली. "वाईट असतात तर घरीच केलं असतं. मला मदत करायची असेल ना, तर हात मागे बांधा."

दोन दिवस घरात गरजेपुरतं बोलणं झालं. बुधवारी दुपारी ती दाराशी आली तेव्हा गुरुदत्तनी टीव्हीवरून मान न वळवता विचारलं, "कुठे निघालीस?" आणि मग स्वतःच म्हणाले, "बैठकांना. जा."

डोहाळजेवणाला हॉल माणसांनी भरला होता. चौरंगावर हिरव्या साडीत अनुया, अंगावर फुलांच्या वाड्या, पोट चांगलंच पुढे आलेलं. बर्फी की पेढा ते झालं, बर्फी निघाली, जावई अनीश उगाच लाजला. मग ओटी. बायका म्हणाल्या, मालिनी, तू खुर्चीत बसूनच भर हो, कशाला खाली बसतेस. विहीणबाईंनी तर खुर्ची पुढेच सरकवली.

"नको," मालिनी म्हणाली आणि चौरंगासमोर खाली बसली, मांडी घालून. कुंकू लावलं. ओटीत नारळ, तांदूळ, खण घातला. शिल्लक तांदळांचं ताट दोन्ही हातांत उचललं. मुद्दामच भरपूर तांदूळ घेतले होते तिने.

मांडी मोडली. गुडघ्यांवर आली. उजवा पाय पुढे टाकला, टाच दाबली, अर्धी वर आली, आणि जागच्या जागी अडकली. वर जाईना. मांड्यांचा दोष नव्हता. इतके महिने तिने सगळं पंजाबी ड्रेसवर केलं होतं, आणि आज अंगावर काठपदर होता. निऱ्या टाचेखाली आल्या होत्या. जितका जोर लावावा तितकी साडीच तिला खाली ओढत होती. हिमानीलाही हे सुचलं नव्हतं, आणि जन्मभर साडी नेसलेल्या मालिनीलाही सुचलं नव्हतं.

ताट कललं. दोन दाणे खाली पडले. "अगं धरा, धरा तिला," विहीणबाई म्हणाल्या, आणि चारही बाजूंनी बायका पुढे आल्या. अनुयाचा चेहरा तर असा झाला की मालिनीला तिकडे बघवेना. तोच चेहरा, चोरओटीचा.

"कुणी हात लावायचा नाही," गुरुदत्त म्हणाले.

बायकांच्या घोळक्यात दाराशी उभा असलेला पुरुषमाणूस बोलला म्हणून सगळ्या थांबल्या. ते पुढे आले. हात मागे बांधलेले. बायकोसमोर आले, बघितलं, आणि कारखान्यात यंत्र अडलं की जसं बघत असतील तसं खाली वाकून बघितलं. मग सगळ्यांदेखत जमिनीवर बसले, तिच्या टाचेखालच्या निऱ्या चिमटीत धरून सोडवल्या, नीट बाजूला केल्या आणि हात परत मागे घेतले.

"आता उठ," ते म्हणाले.

मालिनीने टाच दाबली. डावा गुडघा कटकन वाजला, अख्ख्या हॉलला ऐकू गेला. मांड्या पेटल्या. ती वर आली, हळूहळू, एका दमात नाही, पण मध्ये कुठे थांबली नाही. सरळ उभी राहिली. ताट हातात होतं, तांदूळ ताटात होते. ती रडत होती, आणि पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून तसंच रडत राहिली.

विहीणबाईंनी खुर्ची मागे ओढून घेतली. "बाई गं," त्या म्हणाल्या, "मी आपली सहज बोलून गेले होते तेव्हा."

"बरं झालं बोललात," मालिनी म्हणाली, आणि तिला ते मनापासून वाटत होतं.

खालून खाकरल्याचा आवाज आला. गुरुदत्त अजून जमिनीवरच होते. एक हात फरशीवर, एक चौरंगाच्या कडेवर, आणि चेहऱ्यावर भलतीच शांतता. "मालिनी," ते बारीक आवाजात म्हणाले, "जरा हात दे."

आता बायका हसल्या, आणि या खेपेला मालिनीही खरोखर हसली. तिने ताट विहीणबाईंच्या हातात दिलं आणि नवऱ्याला हात देऊन वर ओढलं. "आज देते," ती म्हणाली. "सोमवारपासून तुम्हीही चला बैठकांना."

अनुया चौरंगावरून आईकडे बघत होती. फुलांच्या बाजूबंदाने तिने डोळे पुसले, त्याच्या दोन कळ्या गळून मांडीवर पडल्या. सासूबाईंकडे तिने एकदा बघितलं. त्यांनी मान हलवली. मग ती म्हणाली, "आई, आजीचा तो बुटका पाट आहे का गं अजून?"

"आहे," मालिनी म्हणाली. "चोरओटीच्या दुसऱ्याच दिवशी माळ्यावरून काढला. घासून ठेवलाय."